उन्हाळ्याची सुट्टी आणि घरची शाळा
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, भिवंडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वक्ते नाही. आमच्यापैकी एक जण गोदामात हिशोब लिहितो आणि एक जण घरी शिवणयंत्र चालविते. संस्थेने आम्हा दोघांना मिळून बोलावयास सांगितले, म्हणून हे भाषण आम्ही घरी बसून दोघांनी मिळून लिहिले आहे. विषयही संस्थेनेच दिला आहे. मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागणार, तेव्हा त्या सुट्टीत स्वतःचे आणि कुटुंबाचे उद्दिष्ट कसे ठरवावे, हा तो विषय. आमच्या मुलीचे शिक्षण काही काळ घरीच झाले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्या काळात जे चुकले आणि जे साधले, तेवढेच सांगण्याचा आमचा अधिकार आहे.

सुट्टीत शाळा सुटते ती कशी?

सुरुवातीला एक गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. त्याचे नाव घेत नाही. नववीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात तो महामार्गालगतच्या एका गोदामात पार्सल लावावयास जाऊ लागला. “सुट्टीपुरतेच जातो, काका, वह्या-पुस्तकांचे पैसे निघतील,” असे तो म्हणाला. आम्हीच त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. पहिल्या पगारात त्याने आईला साडी आणली, दुसऱ्या पगारात हप्त्याने मोबाईल घेतला. जून उजाडला तेव्हा मोबाईलचे हप्ते शिल्लक होते. शाळा सुरू झाली, पण तो गेला नाही. त्याला कोणी शाळेतून काढले नाही आणि शाळा सोड असेही कोणी सांगितले नाही. बेचाळीस दिवसांच्या सुट्टीत ती आपोआप सुटली.

भिवंडीत हे नवीन नाही. पूर्वी मुले सुट्टीत कांड्या भरावयास बसत आणि बसता बसता मागावर उभी राहत. आज कारखान्याच्या जोडीला माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात गोदामे उभी राहिली आहेत. मुलींचे तर आणखी वेगळे. त्यांची सुट्टी म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे आणि गावाकडच्या लग्नांत राबणे. सुट्टी संपते तेव्हा मुलगी “आता मोठी झाली” असे घरात बोलले जाते आणि पुस्तकांची पिशवी माळ्यावर जाते.

कायद्याकडे पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मध्येच शाळा सुटलेल्या बालकाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश देण्याची आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूदही त्यात आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील बालकाला कोणत्याही कामावर ठेवण्यास मनाई झाली. परंतु त्याच दुरुस्तीत एक फट ठेवलेली आहे. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या व्यवसायात मुलाने मदत केली तर ती चालते. म्हणजे कायद्यानेही सुट्टी कुटुंबाच्या हवाली केली आहे. तेव्हा सुट्टीत मुलाचे काय व्हावे हे शेवटी तुम्ही-आम्हीच ठरवावयाचे आहे.

घरची शाळा ही आपल्याला परकी नाही

घरी शिकविणे हे श्रीमंतांचे किंवा परदेशातले खूळ आहे असे काहींना वाटते. आपला इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. जोतीरावांनी सावित्रीबाईंना आधी घरी शिकविले, पुढे त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि १८४८ साली पुण्याला भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेची पहिली पाटी घरातच गिरविली गेली होती.

बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या घराघरांत सांगितले जाते, पण त्यातला घरचा भाग आपण घाईने ओलांडतो. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील शाळेचे मुख्याध्यापक होते. कुटुंब मुंबईला आले तेव्हा परळच्या चाळीत एकच खोली होती. तिच्यातच स्वयंपाक, सामान, झोप आणि अभ्यास. वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग भीमाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. इंग्रजीचा पाया त्यांनी स्वतः घालून घेतला. मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले तर ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून परत करीत.

मित्रहो, या घटनेकडे जरा थांबून पाहा. भीमाचे शिक्षण हे एकट्या भीमाचे उद्दिष्ट नव्हते. वडिलांची झोप आणि बहिणींचे दागिने त्यात होते. एका मुलाच्या पुस्तकासाठी सारे घर आपापला वाटा उचलीत होते. कुटुंबाचे उद्दिष्ट म्हणजे काय, हे याहून सोप्या भाषेत आम्हांस सांगता येणार नाही. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. त्यानिमित्त झालेल्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

परंतु घरच्या शाळेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना त्यांचे पती गोपाळराव यांनी घरी शिकविले. १८८६ साली त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. ही अभिमानाचीच गोष्ट. तरी लहान वयात नवऱ्याच्या हातचा मार आपण कसा खाल्ला, हे आनंदीबाईंनी पुढे त्यांनाच पत्रातून आठवून दिले होते. शाळेत मास्तर रागावले तर मूल घरी येऊन रडते. घरातच मास्तर असेल आणि तोच रागावला, तर मुलाने कोणाकडे जावे? ही चूक आमच्या घरातही झाली, म्हणून हे सांगतो.

आमच्या घरची पहिली सुट्टी

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. त्या वेळी आमची मुलगी सातवीत आणि मुलगा दुसरीत होता. भिवंडीचे माग थांबले. माणसे पायी महामार्गाला लागली. मे महिन्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष गाडी सुटली. तो काळ आपण कोणीच विसरणार नाही. घरात एकच मोबाईल, तोही कामावर जाणाऱ्याच्या खिशात. शिकविणे सुरू होते असे म्हणावयाचे, एवढेच. पुढल्या वर्षी मुलगी आजारी पडली आणि ते आजारपण लांबले. बरी झाल्यावर आम्ही शाळेत गेलो, तर “इतकी गैरहजेरी आहे, पुढच्या वर्षी बघू” असे सांगून आम्हांस परत पाठविले. वयाप्रमाणे वर्गात बसण्याचा तिला हक्क आहे हे त्या वेळी आम्हांस माहीत नव्हते. माहीत असते तर आम्ही तेथून हललो नसतो. आमचे हे अज्ञान तिला एक वर्षाला पडले.

म्हणून आम्ही घरीच शिकवू लागलो. २०२२ चा मे महिना आला. धाकट्याला सुट्टी लागली. मुलीने विचारले, “पप्पा, माझी शाळा घरीच आहे. मग मला सुट्टी कधी?” तिला उत्तर देण्याऐवजी आम्ही एक कागद काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर १४ कलमे लिहिली. पहाटे पाचला उठणे, रोज इंग्रजीचे २० शब्द, गणिताची ३० उदाहरणे, दोन तास विज्ञान, शुद्धलेखन, सामान्य ज्ञान, आणखी काय काय. कागद भिंतीला चिकटविला आणि आपण मोठे कर्तव्य केले असे समाधान मानून आम्ही झोपलो.

पहिल्या दिवशी १४ पैकी ९ कलमे झाली, दुसऱ्या दिवशी ५ आणि तिसऱ्या दिवशी २. त्या रात्री आवाज चढला. काय काय बोललो ते येथे सांगण्यासारखे नाही. चौथ्या दिवशी सकाळी मुलीने तो कागद भिंतीवरून काढला, नीट घडी केली आणि आमच्या हातात दिला. ती म्हणाली, “ही माझी उद्दिष्टे नाहीत पप्पा, तुमची आहेत. तुम्ही एक तरी कलम स्वतःसाठी लिहिले आहे का?”

आम्ही गप्प बसलो. त्या कागदावर खरोखरच आमच्यासाठी एकही ओळ नव्हती.

प्रत्येकाचे एक, सर्वांचे एक

त्या रात्री जेवणानंतर आम्ही पाचही जण बसलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि आजी. आमच्या घरातली ती पहिली सभा. ठराव एकच झाला. प्रत्येकाने स्वतःचे एक उद्दिष्ट सांगावयाचे आणि सर्वांनी मिळून एक ठरवावयाचे. दुसऱ्याचे उद्दिष्ट कोणी ठरवावयाचे नाही. एकाहून अधिक कोणी घ्यावयाचे नाही.

मुलगी म्हणाली, “मला अपूर्णांक येत नाहीत. सहावीपासूनच येत नाहीत. ते मी या सुट्टीत पक्के करीन.” आम्ही थक्क झालो. आम्ही ३० उदाहरणे रोज लिहून बसलो होतो आणि नेमके कोठे अडले आहे हे आम्हांस ठाऊकच नव्हते. मुलगा म्हणाला, “मी पोहायला शिकणार.” ते या उन्हात आणि आमच्या ऐपतीत जमण्यासारखे नव्हते. मग त्यानेच बदलून सांगितले की सायकल शिकेन. आजी म्हणाली, “माझ्या माहेरच्या चार पिढ्यांची नावे मी सांगीन, तुम्ही लिहून घ्या. मी गेले की कोण सांगणार?” घरच्या बाईने, म्हणजे हे भाषण लिहिणाऱ्या दोघांपैकी एकीने, बऱ्याच वेळाने सांगितले, “मी चौथीपर्यंत शिकले. बँकेच्या पासबुकात काय लिहिले आहे ते मला कोणाला न विचारता वाचावयाचे आहे.” आणि दोघांपैकी दुसऱ्याने तंबाखू सोडण्याचे जाहीर केले.

कुटुंबाचे मिळून उद्दिष्ट ठरले, ते लोनाडचे लेणे पाहून येण्याचे. आपल्या भिवंडी तालुक्यातच डोंगरात कोरलेले हे प्राचीन बौद्ध लेणे आहे. वर्षानुवर्षे आपण येथे राहतो आणि आमच्यापैकी एकानेही ते पाहिले नव्हते.

आता प्रत्येकाचे काय झाले तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अपूर्णांक पक्के झाले. सायकल आली, गुडघे फुटून आली. आजीची चार पिढ्यांची नावे वहीत उतरली, त्यात बायकांची नावेही आहेत, कारण आजीने ती आवर्जून लिहावयास लावली. पासबुक वाचता येऊ लागले. शिकविणारी होती मुलगी. आईला शिकविताना ती कधी रागावली नाही, आणि आपण तिच्यावर कसे ओरडत होतो हे आम्हांस शिकवणीच्या त्या आवाजातून कळले. तंबाखू मात्र अकराव्या दिवशी पुन्हा तोंडात गेली. ते लपविता आले असते. पण वहीत स्वतःच्या हाताने लिहिले, “आज हरलो. उद्या पहिला दिवस.” त्या रात्री मुलीने आपणहून आपले एक उदाहरण चुकल्याचे दाखविले, जे ती एरवी लपवीत असे. मोठ्यांनी हार कबूल केली की लहानांना चूक दाखविण्याची भीती राहत नाही, हे आम्ही त्या सुट्टीत शिकलो. तंबाखू सुटली ती दुसऱ्या वर्षी.

उद्दिष्ट कसे ठरवावे?

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकांनो, आता थोडे कामाचे बोलू.

पहिली गोष्ट, दिवस मोजा. सुट्टी साधारण सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस असते. त्यातून गावचे जाणे-येणे, लग्ने, पाहुणे यांचे १२ दिवस आधीच वजा करा. उरले ३०. रोज पाऊण तास धरला तर साडेबावीस तास होतात. एवढाच आपला खरा ऐवज आहे. या साडेबावीस तासांत वर्षाचा सारा अभ्यास बसणार नाही, पण एक अडलेली गोष्ट सुटू शकते. रोज चार पाने वाचली तर ३० दिवसांत १२० पानांचे पुस्तक पुरे होते. रोज पाच शब्द पाठ केले तर १५० शब्द होतात.

दुसरी गोष्ट, उद्दिष्ट असे असावे की ते झाले की नाही हे सुट्टीच्या शेवटी कोणालाही सांगता यावे. “खूप अभ्यास करीन” हे उद्दिष्ट नव्हे. “भागाकाराची उदाहरणे न चुकता करीन” हे उद्दिष्ट. “इंग्रजी सुधारीन” यापेक्षा “इंग्रजीत दहा वाक्यांचे पत्र स्वतः लिहीन” हे बरे.

तिसरी गोष्ट, वेळ उन्हाप्रमाणे ठरवा. आपल्या पत्र्याच्या घरांत दुपारी बारानंतर डोके चालत नाही आणि शेजारी कारखाना असेल तर मागाचा आवाज थांबत नाही. सकाळी सहा ते आठ ही अभ्यासाची वेळ. दुपार झोपेला, चित्रांना, गोष्टींना द्या. संध्याकाळ खेळाला द्या. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी झोपावयास येत असेल तर त्याचीही सोय पाहा. एकाच खोलीत सुभेदारांनी वेळा वाटून घेतल्या होत्या, तशा आपणही वाटून घेऊ शकतो.

चौथी गोष्ट, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दहा मिनिटे सर्वांनी बसावे. प्रत्येकाने आपापले वाचून दाखवावे. रागवावयाचे नाही, टोमणे मारावयाचे नाहीत, शेजारच्या मुलाशी तुलना करावयाची नाही. उद्दिष्ट मोठे झाले असेल तर ते लहान करण्यास मोकळीक ठेवावी.

पाचवी आणि महत्त्वाची गोष्ट, सुट्टीत सुट्टी असलीच पाहिजे. मुलीने विचारलेला प्रश्न बरोबर होता. ज्यांची शाळा घरी असते त्यांना तर सुट्टी अधिकच हवी, कारण त्यांच्या शाळेला घंटा नसते. आम्ही ठरविले की आठवड्यातून दोन दिवस पाटी-पुस्तक उघडावयाचेच नाही. त्या दोन दिवसांनी बाकीचे पाच दिवस वाचविले.

घरातली आणि गावातली पाठ्यपुस्तके

घरी शिकवावयाचे म्हणजे पुस्तकापुढे बसविणे एवढेच नव्हे. मुलीचे अपूर्णांक आम्ही कशावर पक्के केले ते सांगतो. तिचा मामा मागावर काम करतो. तिने हिशोब मांडला. समजा माग मिनिटाला १४० पिके मारतो आणि कापडात इंचाला ५२ पिके आहेत. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच. म्हणजे एका मीटरला सुमारे २,०४७ पिके, आणि वेळ सुमारे साडेचौदा मिनिटे. बारा तासांच्या पाळीत एका मागावर ४९ मीटर कापड निघावयास पाहिजे. मामाला विचारले तर तो म्हणाला, “चाळीसच्या आसपास निघते.” मग नऊ मीटर गेले कोठे? मामाने सांगितले, धागा तुटतो, कांडी बदलावी लागते, वीज जाते, बीम संपतो. ४९ पैकी ४० म्हणजे शेकडा किती, हे तिने काढले. मामाच्या मजुरीचा हिशोबही तिने पडताळून पाहिला. त्या दिवसापासून मामा तिला भाचीबाई न म्हणता मास्तरीणबाई म्हणू लागला. मागावर मुलीला उभे न करता मागाचे गणित तिला शिकविता येते, हे आपण ध्यानात घ्यावे.

लोनाडच्या सहलीचेही तसेच. जाण्याआधी मुलांनी शोधून वाचले. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तेथील शिलालेखांत कल्याण व सोपारा येथील दात्यांचे उल्लेख आहेत, हे वाचून मुलगा म्हणाला, “म्हणजे आपल्या बाजूची माणसे!” नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले आणि तेथेच सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, हेही त्यांनी वहीत टिपले. पुढल्या सुट्टीचे उद्दिष्ट तेथेच ठरून गेले. इतिहासाच्या पुस्तकातले धडे कंटाळवाणे वाटणाऱ्या मुलांना आपल्या घराभोवती दोन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे हे दाखविण्यास रिक्षाभाड्यापेक्षा अधिक खर्च येत नाही. येताना भाकरी घरची होती.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात आई-वडिलांनी मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे आणि त्यांना विद्या-कला शिकवाव्यात असे आहे. त्याच ठिकाणी मुलांची कर्तव्येही सांगितली आहेत. कर्तव्य दोन्ही बाजूंनी आहे. मुलांकडून उद्दिष्ट मागावयाचे तर आपणही एक द्यावे लागते, हा त्यातून आम्ही घेतलेला अर्थ आहे.

ज्यांची शाळा सुटली आहे त्यांच्यासाठी

शेवटी, ज्या मुलांची शाळा आधीच सुटली आहे त्यांना आणि त्यांच्या पालकांना दोन शब्द. मूल १४ वर्षांच्या आतले असेल तर त्याला घेऊन जवळच्या शाळेत जा आणि वयानुरूप प्रवेश मागा. आम्ही जसे परत आलो तसे परत येऊ नका. एकट्याला भीती वाटत असेल तर संस्थेच्या कार्यकर्त्याला सोबत न्या.

वय पुढे गेले असेल तर दोन वाटा आहेत. एक आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. तो भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेला बसता येते. नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी करावी लागते, आणि मुदत मंडळ जाहीर करते, म्हणून सुट्टीतच शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड व फोटो तयार ठेवावेत. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ती १९८९ साली सुरू झाली. तेथे मराठी माध्यमातही दहावी करता येते, वर्षातून दोनदा परीक्षा होतात आणि एकेक विषय करीत पाच वर्षांत पुरे करण्याची मुभा असते. कामावर जाणाऱ्या मुलाला ही सोय उपयोगी पडते.

आमची मुलगी १७ नंबरच्या फॉर्मवर २०२४ साली दहावी उत्तीर्ण झाली. गुण फार मोठे नाहीत. पण त्या निकालाच्या सुट्टीत तिने आपले उद्दिष्ट काय घेतले? गल्लीतील सहा मुलांचे अपूर्णांक. संस्थेच्या या सभागृहातच सकाळी ती बसत असे. आजी दाराजवळ बसून पाहत असे. आजी आता नाही. तिने सांगितलेली चार पिढ्यांची नावे वहीत आहेत.

आणि गोदामात जाणारा तो मुलगा? तो अजून गोदामातच आहे. त्याचे मोबाईलचे हप्ते केव्हाच फिटले, तरी तो परत गेलेला नाही. त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारणाऱ्यांत आम्ही होतो, म्हणून त्याचे देणे आमच्याकडे आहे. या सुट्टीत आमच्या कुटुंबाचे उद्दिष्ट सहल नाही. त्याच्याशी बोलून, त्याची पाळी सांभाळून, त्याला दहावीचा फॉर्म भरावयास लावणे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याला आमच्या घरी बसविणे, हे ते उद्दिष्ट आहे. त्याने होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही. एक दिवस तो आला होता, चहा घेतला आणि मुलीची गणिताची वही चाळून गेला.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांच्या मंत्रात पहिला शब्द शिक्षणाचा आहे. तो आपण भिंतीवर लिहितो, कमानीवर लिहितो. यंदाच्या सुट्टीत तो घरातल्या एका वहीत लिहू या. वही साधी असावी. पहिल्या पानावर घरातील प्रत्येकाचे नाव, त्यापुढे प्रत्येकाचे एक उद्दिष्ट आणि खाली सर्वांचे मिळून एक. आपले स्वतःचे नाव गाळू नका. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी ती वही घेऊन सर्वांनी या सभागृहात जमावे, अशी आम्ही संस्थेस विनंती करतो. ज्यांचे साधले त्यांनी ते सांगावे आणि ज्यांचे राहिले त्यांनी तेही मोकळेपणाने सांगावे. आणि त्या दिवशी आपापल्या गल्लीतील मुले मोजावीत. सुट्टीच्या आधी शाळेत जाणारी जितकी होती तितकीच दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेला लागणार आहेत की नाही, हे पाहावे. एक जरी कमी भरले तर त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जावे.